हॅमॉकमध्ये रात्री झोप मोडते? आधी झोळ तपासा, मग खरेदीचं बघा

दुपारच्या डुलकीला हॅमॉक कसाही बांधला तरी चालतो. रात्रीच्या सात-आठ तासांना चालत नाही. तेव्हा दिसणारी नेहमीची लक्षणं ही:

- शरीर केळ्यासारखं वाकतं, सकाळी कंबर धरलेली असते
- गुडघे मागच्या बाजूला ताणले जातात, पोटऱ्यांखाली कापडाची कडक शीर रुतते
- खांदे दोन्ही बाजूंनी आत दाबले जातात
- माणूस रात्रभर पायांकडे घसरतो आणि दर तासाला वर सरकत बसतो
- संध्याकाळी खुर्चीएवढ्या उंचीवर बांधलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकतो
- अंगावर भरपूर पांघरूण असूनही पाठ आणि कुल्ले गारठतात
- वर ताडपत्री कोरडी, तरी हॅमॉकचं टोक किंवा पाठ ओली

पहिली चार लक्षणं वेगवेगळी वाटतात, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: हॅमॉक फार ताणून बांधलेला असतो, किंवा माणूस त्यात मधल्या रेषेवर सरळ झोपलेला असतो. दोन्ही गोष्टी फुकटात सुधारतात. म्हणून क्रम मोडू नका. एका वेळी एकच बदल करा, दहा मिनिटं आडवं पडून बघा आणि मग पुढे जा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की नेमका कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या मुक्कामाला पहिले पाढे पंचावन्न.

खालचं सगळं दोन्ही टोकांना कापड चुण्या घालून एकत्र बांधलेल्या हॅमॉकबद्दल आहे. टोकांना लाकडी दांड्या असलेला पसरट हॅमॉक अंगणातच ठेवावा. त्यात कापडाला खोली नसते, अंगाचं वजन टांगणीच्या रेषेच्या अगदी जवळ येतं आणि झोपेत कूस बदलली की तो उलटतो.

१. तिरपे झोपा

मधल्या रेषेवर झोपलं की कापड जसं लोंबतं तशीच पाठ वाकते. तिरपं झोपलं की शरीर त्या कमानीला छेदून जातं आणि पाठ जवळपास सपाट होते.

मधोमध बसा, पाठ टेकून पाय वर घ्या. मग दोन्ही टाचा मधल्या रेषेपासून २५-३० सेंमी उजवीकडे न्या आणि डोकं व खांदे तेवढेच डावीकडे. फक्त पाय हलवून डोकं तिथेच ठेवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. त्याने पाठ सपाट होत नाही, उलट कंबर पिळते. जागा बरोबर सापडली की टाचांवरचा दाब कमी होतो, आणि डोक्याशेजारची मोकळी कड सैल पडून बाहेर बघता येतं. ती कड भिंतीसारखी ताठ उभी राहिली असेल तर अजून पुरेसे तिरपे नाही आहात, किंवा हॅमॉक जास्त ताणलेला आहे.

डावा-उजवा बदलून बघा, अनेकांना एकच बाजू सोसते. मात्र पायाशी जादा कापडाचा खिसा शिवलेला असेल तर तो हॅमॉक एकाच दिशेसाठी बेतलेला असतो. त्यात उलटं झोपून आराम मिळायचा नाही.

२. पट्ट्यांचा कोन मोजा

तिरपं झोपायला जागाच होत नसेल तर दोष इथे आहे. नव्या माणसाला वाटतं, घट्ट बांधला की पलंगासारखा सपाट होईल. होतं उलटं. ताणलेल्या कापडाच्या दोन्ही कडा वर उठतात, खांदे दाबतात आणि माणूस मधल्या घळीत अडकतो. हॅमॉकला झोळ हवाच.

झाडावरून हॅमॉककडे उतरणारा पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करायला हवा, आणि तो अंगाचं वजन पडलेलं असताना. हाताने मोजायचं तर अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा आणि तर्जनी आडवी धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण ३० अंशांची असते. टेपने मोजायचं तर आडव्या १०० सेंमीमागे ५८ सेंमी चढ.

हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. ८० किलोच्या माणसाने प्रत्येक पट्ट्यावर येणारा ताण ३० अंशांवर ८० किलो असतो, १५ अंशांवर सुमारे १५५, १० अंशांवर २३० आणि ५ अंशांवर ४६० च्या आसपास. हे शांत पडून असतानाचे आकडे. धपकन बसलं की क्षणभर याहून जास्त. शिवणी उसवणं, कॅराबिनर (पट्ट्यात अडकवायची धातूची कडी) वाकणं, झाडाची साल सोलली जाणं, यातली बरीच प्रकरणं वजनाची नसून कोनाची असतात.

पट्टा झाडाला किती उंचीवर बांधायचा हे अंदाजावर सोडू नका. समजा झाडं ४.५ मीटर अंतरावर आहेत आणि वजन पडल्यावर हॅमॉकच्या दोन टोकांतलं अंतर २.८ मीटर आहे. उरले १.७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ८५ सेंमी. त्यावर ३० अंशांनी चढ होतो ४९ सेंमी. बसायची जागा जमिनीपासून ४५ सेंमी, झोळ ८० सेंमीच्या आसपास, वर हे ४९: पट्टा साधारण १७५ सेंमीवर. झाडं ६ मीटरवर असतील तर तोच हिशोब २१५-२२० सेंमीपर्यंत जातो, आणि तिथे हात पोचत नाही म्हणून माणूस खाली बांधतो, मग जमिनीला टेकू नये म्हणून ताणतो. लांबच्या झाडांवरची रात्र वाईट जाते ती अशी. ४ ते ५ मीटरची जोडी शोधायला दहा मिनिटं जास्त घालवा, ती वसूल होतात.

बसायची जागा ४५ सेंमीच्या वर नको. उठताना पाय जमिनीला लागायला हवेत, आणि पडलात तर तेवढ्याच उंचीवरून पडाल. खाली दगड, खुंट, तंबूची खुंटी काही नको. एकावर एक दोन हॅमॉक तर नाहीच नाही.

३. पायाकडचं टोक वर घ्या

धड पायांपेक्षा जड असतं. दोन्ही टोकं एकाच उंचीवर असली की ते सर्वांत खोल जागेकडे, म्हणजे मध्याकडे सरकतं आणि पाय टोकाच्या चुण्यांत जाऊन अडकतात. पायाकडचा पट्टा झाडावर २० सेंमीने वर बांधा आणि पुन्हा झोपून बघा. कमी-जास्त करायचं ते ५-५ सेंमीने. डोक्याकडे घसरायला लागलात किंवा डोकं जड वाटलं तर थोडं खाली घ्या. उतारावर डोळा हमखास फसतो. रिजलाइन, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये बांधलेली दोरी, असेल तर अर्धी भरलेली बाटली तिच्याशी समांतर धरा, पाण्याची पातळी खरं काय ते सांगते.

पोटरीखालची शीर बहुतेक वेळा एवढ्याने जाते. गुडघ्यांचा ताण उरलाच तर जाकीट गुंडाळून ८-१० सेंमी जाडीची सुरळी गुडघ्यांखाली सरकवा. उशी मात्र पातळ घ्या. हॅमॉक डोकं आधीच उचलून धरतो; जाड उशीने हनुवटी छातीला लागते आणि मान आखडते. उशी डोक्यापेक्षा मानेखाली हवी.

४. रिजलाइन बांधा

एका ठिकाणी छान झोप, दुसऱ्या ठिकाणी तोच हॅमॉक नकोसा, असं होत असेल तर झोळ दर वेळी वेगळा पडतो आहे. उपाय म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये ठरावीक लांबीची, २-३ मिमी जाडीची, न ताणणारी दोरी. लांबी हॅमॉकच्या सुमारे ८३ टक्के: ३३५ सेंमीच्या हॅमॉकला २७८ सेंमी, ३०५ सेंमीच्याला २५३ सेंमी. झाडं जवळ असोत वा लांब, झोळ मग तोच राहतो. हे आकडे सुरुवातीचे समजा. दोन-तीन सेंमीने कमी-जास्त करत आपला आकडा सापडला की दोरीवर कायमची खूण करून ठेवा.

आत झोपल्यावर ही दोरी दोन बोटांत धरून वाकवून बघा. थोडी वाकली तर ठीक. तारेसारखी टणटणीत असेल तर पट्टे फार आडवे आहेत, आणि लोंबत असेल तर गरजेपेक्षा उतरते. साधी नायलॉनची दोरी इथे वापरू नका. ती रात्रभरात ताणते आणि ठरवलेली लांबी ठरवलेली राहत नाही. पॉलिएस्टर किंवा डायनीमा (न ताणणारा, मजबूत कृत्रिम धागा) घ्या. या दोरीवर दिवा, चष्मा, मोजे टांगा, पाठपिशवी नको.

५. पहाटेपर्यंत खाली का येतो?

चार शक्यता, याच क्रमाने बघा. पट्टा गुळगुळीत सालीवरून घसरतो: पट्टा बांधल्यावर त्याच्या वरच्या कडेला सालीवर खडूची रेघ ओढा, सकाळी फरक दिसेल, एक वेढा जास्त घेतला की थांबतो. गाठ सरकते: डायनीमाचा दोर निसरडा असल्याने नेहमीच्या गाठी त्यावर धरत नाहीत, त्यामुळे त्यावर गाठीऐवजी गुंफलेला फास हवा. बकल घसरतं: पट्टा ओला किंवा बकलच्या मानाने पातळ असला की हे होतं, बकलच्या मागे एक सरकगाठ मारून ठेवा. आणि शेवटची, सर्वांत जास्त भेटणारी: पट्टा नायलॉनचा आहे. नायलॉन वजनाखाली ताणतो, ओला झाल्यावर आणखी. पॉलिएस्टरचे, निदान २.५ सेंमी आणि शक्यतो ४-५ सेंमी रुंद पट्टे घ्या. पट्टा रुंद असला की दाब पसरतो आणि सालीखालच्या जिवंत थराला इजा होत नाही. बारीक दोर थेट झाडाला बांधणं म्हणजे करवत लावण्यासारखं.

बदली होईपर्यंतचा उपाय: बांधून झाल्यावर दहा मिनिटं आत पडून राहा, मग बाहेर येऊन पुन्हा आवळा.

६. पाठ गारठते

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण माणूस आणखी जाड स्लीपिंग बॅग आणतो. ऊब कापसाची किंवा पिसांची नसते, त्यांत अडकलेल्या हवेची असते. अंगाखालचा भाग वजनाने चिरडला गेला की हवा निघून जाते आणि पाठीला उरतं पातळ कापड. जमिनीवर निदान वारा लागत नाही. हॅमॉकखालून तो अखंड वाहतो आणि ऊब धुऊन नेतो. हवा २० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की बहुतेकांना हे जाणवू लागतं, वारा असेल तर त्याआधीच.

फुकटातलं आधी. कोरडे मोजे आणि कोरडे कपडे घाला, झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन या, थोडं चालून अंग गरम असतानाच आत शिरा. रजई किंवा बॅग ऊब तयार करत नाही, आहे ती टिकवते. ताडपत्रीची वाऱ्याकडची बाजू जमिनीजवळ उतरवा.

मग फोमची मॅट. ८-१० मिमीची बंद पेशींची मॅट पाण्याला आणि दाबाला दाद देत नाही. तक्रार दोनच. ती घसरते, म्हणून दुहेरी कापडाच्या हॅमॉकमध्ये दोन थरांच्या मध्ये घाला. आणि ५० सेंमी रुंदी हॅमॉकमध्ये कमी पडते, कारण कापड खांद्यांभोवती वर वळतं. खांदे गार पडत असतील तर खांद्यांच्या उंचीला आडवा ६०-७० सेंमीचा जादा तुकडा ठेवा. हवेची गादी असेल तर ती अर्धीच फुगवा. पूर्ण फुगवली की लाकडाच्या ओंडक्यावर झोपल्यासारखं होतं. मॅटवर पाठ घामेजते, त्याला इलाज नाही, सुती कपडे तेवढे टाळा.

अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगायची रजई, हा खरा उपाय. ती वजनाखाली येत नाही, म्हणून फुललेली राहते. पण बसवण्यात चुकली तर मॅटपेक्षाही वाईट. गारठा कुठे लागतो यावरून चूक ओळखता येते. मणक्याच्या रेषेत गार पट्टा लागला तर रजई आणि कापड यांत फट आहे. आतल्या हवेची अदलाबदल होते. फक्त कुल्ले गार पडत असतील तर रजई फार वर ओढली गेली आहे आणि तिथे दबून तिचा फुगवटा मेला आहे. खांदे किंवा पायच गार पडले तर ती लांबीत सरकली आहे.

तुम्ही आत तिरपे पडून राहा आणि सोबत्याला रजई व कापड यांच्यामध्ये खालून हात घालायला सांगा. हात अलगद जावा, दोन्हीकडे स्पर्श व्हावा. मोकळा फिरला तर लवचीक दोरी आवळा, शिरलाच नाही तर सोडा. ही तपासणी झोपलेल्या स्थितीतच करायची. रिकाम्या हॅमॉकवर नीट बसलेली रजई अंगाचं वजन पडल्यावर वेगळीच वागते. दोन्ही टोकांच्या नाड्या ओढून रजईची तोंडं बंद करा, नाहीतर ती वाऱ्याचा बोगदा होते.

७. पाऊस आतच कसा येतो?

आधी कुठून ते शोधा. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती गळती नाही, श्वासाचं आणि हवेतलं दव आहे; टोकं थोडी उघडून हवा खेळती ठेवा. एकाच रेषेत थेंब असतील तर शिवण गळते, तिला कापडाला साजेसा सीलर लावा. सिलिकॉन लावलेल्या कापडावर सिलिकॉनच बसतं.

हॅमॉकचं फक्त टोक ओलं असेल तर पाणी झाडाच्या बुंध्यावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून आत येतं आहे. ताडपत्रीच्या आतल्या भागात, हॅमॉकच्या टोकाजवळ पट्ट्याला सुती नाडी बांधा आणि तिची शेपटी १० सेंमी खाली सोडा. पाणी तिच्यावरून ठिबकतं. अंडरक्विल्टच्या दोऱ्या ताडपत्रीबाहेर जात असतील तर त्यांनाही. पावसाची वाट बघू नका: झाडापाशी पट्ट्यावर अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि ते कुठे थांबतं ते बघा.

ताडपत्री हॅमॉकच्या दोन्ही टोकांपलीकडे निदान ३० सेंमी जायला हवी आणि रिजलाइनच्या वर १५-२० सेंमी. नायलॉनची ताडपत्री भिजली की लोंबते, तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर एकदा उठून ताणावीच लागते. कोपऱ्यांना लवचीक दोरीचे छोटे फास लावले की हे उठणं वाचतं.

८. डास

जाळी आहे तरी पाठीला चावतात? ते पातळ कापडातून खालून चावतात. दुहेरी कापड, मॅट किंवा अंडरक्विल्ट असेल तर प्रश्न मिटतो. कापडावर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारणार असाल तर आदल्या दिवशी, उघड्यावर, आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजराला जवळ येऊ देऊ नका. त्यांना ते विषारी आहे.

९. आता कुठे नवा हॅमॉक

वरचं सगळं करूनही पोटरीखालची शीर आणि खांद्यांचा दाब जात नसेल, तर लांबी मोजा. २६०-२७० सेंमीचे हॅमॉक प्रौढ माणसाला तिरपं झोपायला अपुरे पडतात. १७०-१८० सेंमी उंचीला ३३५ सेंमी लांबी सोयीची. 'डबल' म्हणून विकलेल्यांत रुंदी जास्त असते, लांबी तीच. पाठीला रुंदीपेक्षा लांबी कामाची.

जुना हॅमॉक ठेवणार असाल तर दिवसा उन्हासमोर धरून बघा. सुईएवढी भोकं दिसली तर तो बाद नाही, पण रोज लक्ष ठेवा. मागच्या खिशातली किल्ली आणि वेल्क्रो हे नेहमीचे गुन्हेगार. चुण्यांमधून जाणारा फास तंतू सुटल्यासारखा केसाळ झाला असेल तर लगेच बदला.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

झाड: बुंध्याशी भूछत्रं, उभी भेग, मुळांजवळ उचललेली माती, वर सुकलेली किंवा अडकलेली फांदी, हाताने ढकलल्यावर हलणारं खोड, किंवा १५ सेंमीपेक्षा कमी जाडी. यावर जुगाड नाही, दुसरं झाड शोधा. मुक्कामाच्या ठरावीक जागेत असं झाड दिसलं तर तिथल्या व्यवस्थापनाला सांगा. तोडायचं की राखायचं हे वृक्षतज्ज्ञाचं काम.

भिंत किंवा खांब: घरी सरावासाठी हुक ठोकायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. ८० किलोच्या माणसाची आडवी ओढ ३० अंशांवर जवळपास ७० किलो आणि १० अंशांवर सव्वादोनशे किलो असते. विटांचा सुटा खांब अशा ओढीने उलटून मुलं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

शिवण: वजन पेलणारी टोकाची शिवण उसवली तर घरच्या मशीनवर टाका मारू नका. सामान दुरुस्त करणाऱ्याकडे द्या किंवा हॅमॉक बाद करा. मच्छरदाणीची किंवा खिशाची शिवण खुशाल घरी शिवा.

शरीर: पायाला मुंग्या येऊन उठल्यावर १५-२० मिनिटांत गेल्या नाहीत, कंबरेतून कळ पायात उतरते, मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे, तर कोन-बिन बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर थेट आपत्कालीन विभागात.

गारठा: जोरात कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलू लागला किंवा गोंधळला तर रजईची दोरी आवळत बसू नका. हॅमॉकमधून खाली घ्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, जमिनीपासून वेगळं करायला फोमची मॅट खाली घाला आणि मदत बोलवा.

पडणं: डोक्यावर किंवा पाठीवर पडून मान दुखते, हातपाय बधिर आहेत, तर त्या माणसाला उठवून बसवू नका. आहे तसं स्थिर ठेवा, वरून पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कोणीतरी डोक्याशी बसून राहा.